वयापेक्षा उंच

दीपमाला बीडजवळच्या पालीची. बिंदुसरेच्या धरणाच्या अंगाखांद्यावर वाढलेली, पाण्यात उतरायला न भिणारी पोर. लग्न होऊन ती केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला आली तेव्हा तिला नीट स्वयंपाकही जमत नव्हता, पण कोयता मात्र बापाच्या घरीच हाताला बसलेला होता. नवरा परमेश्वर सरळ माणूस. सासू सुंदरबाई तोंडानं तिखट. दसरा झाला की घराला कुलूप लागायचं आणि तिघं टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून सांगली-कोल्हापूरकडं ऊस तोडायला जायची. चैत्रात परत यायची. दीपमाला कामाला चपळ होती, बोलायला मात्र कमी. काही लागलं, खुपलं, तरी ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं नाही.

तिला पहिल्यांदा दिवस गेले ते एका हंगामाच्या आधीच्या पावसाळ्यात. पोट घेऊनच ती फडात गेली. टोळीतल्या बहुतेक बाया तशाच जातात, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. डिसेंबर संपता संपता सकाळच्या वेळी सूर्यग्रहण लागलं. सुंदरबाईंनी आदल्या दिवसापासून बजावलं होतं, की पोटुशीनं कोपीच्या, त्या पाचटाच्या झोपडीच्या, बाहेर पडायचं नाही, विळा-कोयता हातात धरायचा नाही. पण त्या दिवशी दोन ट्रॅक्टर भरायचे होते आणि मुकादम कोपीच्या तोंडाशी येऊन उभा होता. दीपमाला गेली. डोक्यावर ऊन एकाएकी फिकट पडलं, पाखरं गप झाली आणि ती खाली मान घालून ऊस तोडत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आणखी एक गोष्ट घडली, ती दीपमालाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना तिचा पाय सटकला. ती कुशीवर पडली, मोळी बाजूला गेली. ती उठली, लुगड्याची माती झटकली, पोटावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. आत हालचाल जाणवली तेव्हा तिनं श्वास सोडला आणि परत मोळी उचलली. परमेश्वर तेव्हा फडाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला तिनं सांगितलं नाही, आपल्या आईलाही सांगितलं नाही.

आरोही जन्मली ती तिकडंच, सरकारी दवाखान्यात. नर्सबाई म्हणाली, "बाळ चांगलंच दांडगं आहे हो!" परमेश्वरानं टोळीला पेढे वाटले. पोरगी लांबसडक, डोकं मोठं, कपाळ रुंद. वर्षाची झाली तेव्हा दोन वर्षांची दिसायची, दोन वर्षांची झाली तेव्हा चार वर्षांच्या पोरींचे झगे तिला यायचे. सुरुवातीला सगळ्यांना कौतुक वाटलं. पुढं पुढं मात्र कौतुक आटलं, कारण आरोही चालायला उशिरा लागली, चालताना धडपडायची आणि बोलायची तर मुळीच नाही. "आ" म्हणायची, हसायची, पाहिजे ती वस्तू बोटानं दाखवायची, बस्स.

अंगानं मोठी दिसायची म्हणून लोक तिला मोठ्यांच्या मापानं मोजायचे. पारावरचा कुणीही म्हणायचा, "एवढी वाढली, आन तोंडातून शबुद न्हाई?" बारशाला, हळदीकुंकवाला गेलं की बाया आधी पोरीकडं बघायच्या, मग दीपमालाकडं. तिथला वेळ तिला सरता सरायचा नाही. हळूहळू तिनं जाणंच सोडलं.

घरात सुंदरबाईंचं एकच टुमणं. "म्या सांगितलं व्हतं. गिराणात कोयता धरला, त्याचं फळ हाय हे. पोरीची वाढ वाकडी झाली."

परमेश्वर वैतागायचा. "आई, बास कर. कावून तेच तेच उगाळतीस?"

दीपमाला त्या बोलण्याला उलटून उत्तर द्यायची नाही. सासूला ग्रहणाचं वाटत होतं, तिला स्वतःला फळीचं वाटत होतं. आरोही धडपडून पडली की ती हातातलं काम टाकून आधी पोरीचं डोकं चाचपायची. आपण पडलो तेव्हाच हिच्या डोक्याला काही तरी झालं, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगायची वेळ आली नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

अंगणवाडीच्या ताई बबिता. गावचीच लेक, लग्न होऊनही गावातच राहिलेली. पोरांची वजनं-उंची मोजून तक्त्यावर मांडायचं काम तिच्याकडं होतं. कुपोषित पोरं ती नेहमी बघायची, त्यांच्यासाठी धावपळ करायची. पण आरोहीची उंची तक्त्याच्या वरच्या रेघेच्याही वर जात होती, आणि अशी पोर तिनं आजवर पाहिली नव्हती. एका दुपारी ती दीपमालाच्या दारात येऊन बसली.

"हिला डॉक्टरला दाखवू."

"कावून? दुखत-खुपत तर काय न्हाई तिला."

"दुखत न्हाई. पण अंगानं लई पुढं आन बोलायला लई मागं. दोन्ही एकाच पोरीत हाय, तर त्याला काही तरी कारण असंल. आपल्याला कळत न्हाई म्हणून सोडून द्यायचं का?"

बबितानं पाठपुरावा केला. शाळा-अंगणवाड्या तपासत फिरणारं डॉक्टरांचं पथक आलं तेव्हा तिनं आरोहीला सगळ्यांत आधी उभं केलं. तिथून चिठ्ठी मिळाली ती अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याची. तिथल्या डॉक्टर तेजश्री वयानं दीपमालापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी आरोहीच्या डोक्याचा घेर मोजला, हाताचा एक्स-रे काढला, तिला खेळणी देऊन बराच वेळ नुसतं बघितलं. पोरीची हाडं वयाच्या पुढं गेली आहेत, एवढं त्या म्हणाल्या. मग तिघांचं रक्त घेतलं, आरोहीचं आणि आईबापांचंही.

"आमचं कशाला?" परमेश्वरानं विचारलं.

"हिच्यात काही बदल सापडला, तर तो तुमच्याकडून आला की हिच्यातच नवा झाला, ते तुमचं रक्त बघितल्याशिवाय कळणार नाही. तपासणी पुण्याला होते, फुकट आहे, पण वेळ लागेल."

वेळ खरंच लागला. उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला, निरोप नाही. घरात त्या तपासणीचं नाव निघेनासं झालं.

दरम्यान दीपमालाच्या ओटीपोटात दुखायला लागलं होतं, अंगावरून पांढरं जात होतं. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात ती टोळीतल्या एका बाईबरोबर गेली. तिथल्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं, न बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "पिशवी खराब झालीय. काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल." टोळीतल्या कितीतरी बायांची पिशवी अशीच निघालेली होती. पाळीची कटकट गेली, हंगामात खाडा पडत नाही, असं त्या म्हणायच्या. त्याच बाया मग कंबर धरून बसायच्या, तेही ती बघत होती.

दीपमालानं होकार दिला. त्याचं कारण दुखणं नव्हतं. आपल्या पोटी पुन्हा लेकरू आलं आणि तेही आरोहीसारखंच निघालं तर, ही धास्ती तिला दिवसरात्र खायची. आरोहीवर तिचा जीव होता. पण आणखी एका लेकराला लोकांनी तसं बघावं, हे तिला सोसणार नव्हतं. पिशवीच नसली तर प्रश्नच मिटला. परमेश्वराला तिनं फक्त कॅन्सरचं सांगितलं. तो घाबरला आणि तयार झाला. नवरात्र झालं की आपरेशन, आणि अंग धरलं की हंगामाला निघायचं, असं ठरलं.

घट बसले त्याच आठवड्यात फोन आला. डॉक्टर तेजश्री स्वतः बोलत होत्या. "रिपोर्ट आलाय. घाबरायचं काही नाही, पण फोनवर सांगण्यासारखं नाही. तुम्ही सगळे या. आजींनाही आणा."

अंबाजोगाईला ते चौघं गेले. सुंदरबाई एसटीत सगळा रस्ताभर खिडकीबाहेर बघत होत्या. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असणारी बाई इतकी गप का, हे दीपमालाला कळेना. दवाखान्यातही त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या. आरोही त्यांच्या मांडीवर, पाय जमिनीवर पसरून.

डॉक्टरांनी टेबलावरून दोऱ्याचं एक रीळ उचललं. टाके घालायचा दोरा होता तो. "आपल्या अंगात लाखो-करोडो पेशी असतात. एकेका पेशीत असा एक लांबच लांब धागा असतो, डीएनएचा. तो सोडून सरळ ताणला तर परमेश्वररावांच्या उंचीहून लांब भरेल. एवढा धागा त्या डोळ्यालाही न दिसणाऱ्या पेशीत मावायचा कसा? म्हणून तो प्रथिनांच्या बारक्या बारक्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोन म्हणतात त्या रिळांना. आणि धाग्यावर असतात सूचना. हाडं कशी करायची, डोळे कसे करायचे, उंची कधी वाढवायची, कधी थांबवायची. ती आपली जनुकं."

"मग आरोहीचा धागा तुटला का?" दीपमालानं विचारलं.

"नाही. ऐका. सगळ्या सूचना सगळ्या वेळी वाचून चालत नाहीत. डोळ्यातल्या पेशीनं हाडाची सूचना वाचली तर घोटाळा होईल. मग कोणती सूचना उघडायची, कोणती मिटून ठेवायची, हे पेशीला कसं समजतं? त्या रिळांना बाहेर आलेल्या शेपट्या असतात. त्यांच्यावर पेशी खुणा लावते. मिथाइल नावाची अगदी चिमुकली खूण. ती शेपटीवर कुठं बसली, त्यावरून ठरतं की इथली जनुकं वाचायची का गप ठेवायची. धाग्यावरचं अक्षर तेच राहतं, नुसत्या खुणेनं वाचणं बदलतं."

परमेश्वर मघापासून कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. तो एकदम म्हणाला, "म्हंजी आमच्या कारखान्याच्या चिटबॉयसारखं हाय की. कोण्या फडात कोयता लावायचा, कोण्या फडाला आजून हात लावायचा न्हाई, ते तो सांगून जातो. तो आला न्हाई की टोळी वाटंल तिथं घुसती."

डॉक्टर हसल्या. "तसंच समजा. आता ह्या खुणा लावणारंही एक प्रथिन असतं. ते तयार करायची सूचना प्रत्येकाकडं दोनदा असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आरोहीची एक बरोबर आहे, दुसरीत चूक झालीय. म्हणून खुणा लावणारे हात निम्मे पडले. वाढीला जो वेळच्या वेळी आवर बसायला पाहिजे, तो नीट बसत नाही. त्यामुळं उंची, डोकं, हाडं सगळं घाईत. आणि बोलणं, तोल सांभाळणं, हे सावकाश. याला सोटोस सिंड्रोम म्हणतात. आरोही एकटी नाही, जगात अशी पुष्कळ मुलं आहेत."

दीपमालाच्या मनात कितीतरी वर्षं दाबून ठेवलेलं बोलणं होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही, सासूकडं बघितलं नाही. टेबलावरच्या रिळाकडं बघत म्हणाली, "म्याडम, म्या पडले व्हते. पोटात ही असताना, मोळी घिऊन, फळीवरून. कुणाला सांगितलं न्हाई. त्यानंच झालं ना हे?"

परमेश्वर वळून तिच्याकडं बघतच राहिला.

डॉक्टर उठून तिच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसल्या. "कितव्या महिन्यात पडलात?"

"सातवा लागला व्हता."

"दीपमाला, हा बदल झाला तेव्हा आरोही म्हणजे एक थेंबसुद्धा नव्हती. ज्या बीजापासून ती झाली, ते बीज तयार होतानाच बहुधा हे झालं. तुम्हाला दिवस गेलेत हे तुम्हाला कळायच्याही आधी. धाग्याची नक्कल होताना अशी एखादी चूक कुणाच्याही बाबतीत होऊ शकते. माझ्या, तुमच्या, कुणाच्याही. तुम्ही पडलात तोवर ते होऊन गेलेलं होतं. पडण्याचा आणि याचा काही संबंध नाही."

"खरंच न्हाई?"

"खरंच नाही."

दीपमालानं पदर तोंडाला लावला. ती रडली, पण तिला स्वतःलाच जाणवलं की हे रडणं वेगळं आहे. छातीवरची धोंड कुणी तरी उचलून बाजूला ठेवावी आणि श्वास पार पोटापर्यंत जावा, तसं तिला झालं.

तेवढ्यात खालून सुंदरबाई बोलल्या. आवाज त्यांचा नव्हताच जणू. "आन बाई, आमच्या कुळातलं? कुणाच्या रगतातून आलं आसंल तर?"

"दोघांच्याही रक्तात ते सापडलं नाही, आजी. ना सुनेच्या, ना तुमच्या मुलाच्या."

"माझ्या माहेरचं बी न्हाई?"

"मुलाच्या रक्तात नाही, म्हणजे तुमच्याकडून यायचा प्रश्नच नाही. पण का विचारताय?"

सुंदरबाईंनी आरोहीच्या केसांवरून हात फिरवला. "मला भाऊ व्हता, शहादेव. दांडगा गडी, डोकं मोठं. बोलायचा न्हाई. लोक त्याला येडा म्हणायचे. आमच्या बापानं त्याला गोठ्यातच ठेवला, पाव्हणे आले की बाहेर काढायचा न्हाई. तरणाच गेला. ही पोर जशी वाढाया लागली तसा मला तोच दिसाया लागला. मला वाटलं, म्याच आणलं हे घरात. माझ्याच रगतानं." त्या थांबल्या. मग सुनेकडं न बघता म्हणाल्या, "म्हणून गिराण गिराण करीत व्हते. माझं नाव निघू नये म्हणून तुझं काढीत व्हते, पोरी."

इतकी वर्षं जिच्या बोलण्यानं दीपमाला आतून सोलून निघत होती, ती बाई तिच्याइतकीच भ्यालेली होती. दीपमाला खुर्चीवरून उतरली आणि सासूच्या शेजारी फरशीवर बसली. शहादेवला काय झालं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण आरोहीचं हे त्याच्याकडून आलेलं नाही. सुंदरबाईंनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिल्या.

मग दीपमालानं दुसरा प्रश्न विचारला, पुढचं लेकरूही असंच निघेल का, आणि तो विचारतानाच पिशवीचंही सांगून टाकलं.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "ऑपरेशन कधी आहे?"

"दसऱ्यानंतर."

"आत्ताच्या आत्ता रद्द करा. पुढच्या बाळाला असं होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी आहे. शून्य म्हणता येत नाही, म्हणून पुढं दिवस राहिले तर माझ्याकडं या, हवं असेल तर तपासता येतं. आणि तुमच्या दुखण्याचं आज इथंच बायांच्या डॉक्टरांकडून बघून घेऊ. पांढरं जाण्यावर आधी गोळ्या असतात. पिशवी काढणं हा पहिला उपाय नसतो."

त्या दिवशीच तपासणी झाली. पिशवी चांगली होती, जंतूंचा त्रास होता. गोळ्या मिळाल्या आणि त्या गोळ्यांनी पुढं ते दुखणं गेलं.

आरोहीबद्दल डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे मुळापासून बरं करणारं औषध नाही. बोलेल, पण उशिरा. शिकेल, पण सावकाश. हृदय, मूत्रपिंडं, पाठीचा कणा अधूनमधून तपासायचे. ती मोठी झाल्यावर तिच्या लेकरांबद्दल पुन्हा बोलावं लागेल, कारण तिच्याकडून ते पुढं जाऊ शकतं. पण वाढीची ही घाई वयात आल्यावर पुष्कळ निवळते, आणि अशी मुलं मोठी होतात, कामधंदा करतात. परमेश्वरानं तेवढंच दोनदा विचारून घेतलं.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं आरोहीकडं बघून अर्धं तिकीट फाडायला घेतलं. एरवी दीपमाला गुपचूप पैसे काढून द्यायची, नजर चुकवायची. आज ती म्हणाली, "भाऊ, चार वरसाची हाय ती, तिला तिकीट लागत न्हाई. उंची जास्त हाय तिची, जन्मापसून. आधार कार्ड बघा." कंडक्टरनं कार्ड बघितलं, पोरीकडं बघितलं, "खेळात घाला हिला," म्हणाला आणि पुढं गेला. मागच्या बाकावर परमेश्वर खुदकन हसला. केज येईस्तोवर त्यानं बायकोला फळीवरून पडल्याचं एकदाच विचारलं, "लई लागलं व्हतं का गं?" ती नाही म्हणाली. मग थोड्या वेळानं हो म्हणाली.

त्या हंगामाला दीपमाला गेली नाही. कोयत्याला जोडी लागते, म्हणून परमेश्वरानं चुलतभावाबरोबर जोडी लावली आणि सुंदरबाई त्यांच्या भाकरी थापायला बरोबर गेल्या. दीपमाला गावात राहिली, दर आठवड्याला आरोहीला बोलणं शिकवणाऱ्या ताईंकडं अंबाजोगाईला नेत राहिली, आणि बाकीचे दिवस अंगणवाडीत बबिताला हाताशी लागली. पोरांना ओठ कसे हलवायचे ते दाखवता दाखवता ती स्वतःच इतकी बोलकी झाली, की बबिता तिला चिडवायची. संक्रांतीच्या सुमाराला आरोहीनं "पानी" म्हटलं. दीपमालानं टोळीवर फोन लावला, पलीकडं सुंदरबाईंनी फोनचा आवाज मोठा करून तो शब्द सगळ्या कोपीवाल्यांना ऐकवला. त्यानंतर शब्द येत राहिले, मोडके-तोडके, पण येत राहिले.

पुढच्या वर्षी दीपमालाला दिवस राहिले. ती डॉक्टर तेजश्रींकडं गेली, सगळं समजून घेतलं, आणि नवरा-बायकोनं विचार करून तपासणी करून घेतली. निकाल चांगला आला. पोरगा झाला, चारचौघांसारख्या वजनाचा. सुंदरबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि आधी आरोहीला हाक मारली, "ये, तुझा भाऊ बघ."

यंदा जूनमध्ये आरोही पहिलीत गेली. गुरुजींनी उंचीनुसार पोरं बसवली, त्यात ती पार मागच्या भिंतीला गेली. दीपमाला पोराला कडेवर घेऊन शाळेत गेली. "गुरुजी, ही अंगानं मोठी दिसती, पण सहा वरसाचीच हाय. तिला समजायला जरा येळ लागतो. पुढं बसवा." वर्गाच्या दारात उभ्या दोन-तीन आयांनी नेहमीसारखं बघितलं. दीपमालानंही त्यांच्याकडं बघितलं, आणि आरोहीला काय झालंय ते तिनं त्यांना सांगितलं. धागा, रिळं, खुणा, सगळं, तिला जसं समजलं होतं तसं. एक आई म्हणाली, "म्हंजी तुझ्या हातून काय चुकलं न्हाई तर."

"न्हाई," दीपमाला म्हणाली. "काहीच न्हाई."

आत आरोही पहिल्या रांगेत येऊन बसली होती आणि शेजारच्या पोरीच्या डब्यात काय आहे ते वाकून बघत होती.